प्लेट सोडून जायचं नाही

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग सूनबाईला वाचून दाखवलं. तिला त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण ती बिचारी ‘हो का, हो का’ करत राहिली. ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी सगळी नोकरी काढली तिथेच माझी भाची लागते, आणि राहायलाही माझ्याच रिकाम्या घरात जाते, यावर ‘आनंद झाला’ एवढंच लिहिणं म्हणजे चेष्टाच. इतका आनंद झाला की मी दिवसभर घरात सगळ्यांवर उगाच ओरडत सुटले. फोन मात्र करू नकोस. या कानांना तुझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने जोडते, त्यातून नाही नाही ते घोटाळे होतात. पत्रच लिही, आणि अक्षर जरा सुधार.

बुरशी वाढवायचं माध्यम आता तयार डब्यांतून येतं म्हणतेस. आमच्या वेळी आम्ही ते शिजवायचो. बटाटे सोलायचे, फोडी करून उकडायचे, पाणी गाळून घ्यायचं, त्यात साखर आणि घट्ट व्हायला अगर घालायचं. मजलाभर असा काही वास सुटायचा की शेजारच्या वॉर्डातले डॉक्टर काही ना काही निमित्त काढून डोकावून जायचे. एक जण तर ताटली घेऊन आला होता. ‘हे बुरशीसाठी आहे’ म्हटल्यावर त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. तुझे काका खालच्या मजल्यावरच्या एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीतून डोळे किलकिले करत वर यायचे आणि दारातूनच विचारायचे, “काय, आज बुरशीच्या घरी काय बेत?” मला हसू यायचं, आणि हसले तर कामात लक्ष नाही असं हाताखालच्या मुलींना वाटेल म्हणून मी चेहरा लांब करायची. आता वाटतं, हसले असते तर काय बिघडलं असतं?

तुला पुस्तकात सगळं शिकवलं असेल, तरी एक माझ्याकडून घे. माध्यम ओतलेली प्लेट उघडली की ती सोडून जायचं नाही. एकदा मी ऑपरेशनच्या खोलीत हवा तपासायला प्लेट उघडी ठेवून चहाला गेले, आणि परत येऊन बघते तर कुणी तरी तीत वापरलेला कापूस टाकून गेलेलं. बशी दिसली, टाकला. तेव्हापासून कानाला खडा. शेगडीवर दूध ठेवल्यावर आपण जसं जवळ उभं राहतो तशी प्लेटजवळ उभी राहा. हवेतलं बी तिच्यावर पडेल, झाकण लागेल, ती लॅबमध्ये उबेला जाईल, तोवर ती तुझी.

त्या नव्या वॉर्डात फार गार असतं, सर्दीने हैराण झालीस, असं लिहिलंस. भिंतीतल्या कपाटाला मी कुलूप घालून आले आहे. किल्ली स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे आहे. वरच्या खणात काकांचा राखाडी स्वेटर आहे, तो घाल. बाकी कशालाही हात लावू नकोस, त्यांचं सगळं जसंच्या तसं राहू दे. आणि स्वेटर धुऊ नकोस गं. ते गेल्यापासून मी तो धुतलेला नाही. त्यात अजून त्यांचा वास आहे.

तुझी मावशी

१९ फेब्रुवारी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार.

स्वेटर मिळाला! माझ्या गुडघ्यांपर्यंत येतो आणि एक बाही दुसरीपेक्षा लांब आहे. ती तू मुद्दाम तशी विणलीस की काकांचे हातच तसे होते, ते कळव. वॉर्डात गेल्यावर सिस्टर हातात टोपी, मास्क आणि पायघोळ गाऊन देतात. मी तो स्वेटरवरूनच चढवते. अशी गलेलठ्ठ दिसते की परवा एका आयाने मला डोहाळे विचारले.

आता वॉर्डाचं सांगते, कारण तुझ्या वेळी तो नव्हता. इथे अशी माणसं येतात ज्यांच्या हाडांतला रक्त तयार करणारा मगज औषधांनी पार संपवून टाकतात आणि मग दुसऱ्याचा घालतात. तो अंगात रुजेपर्यंत त्यांच्याकडे कशाशीच लढायची ताकद नसते. आपण दिवसभर नाकाने ओढतो ती साधी भिंतीवरची बुरशी त्यांच्या छातीत गेली की संपलंच. म्हणून प्रत्येक खोलीत हवा गाळून सोडतात. एक पेशंट गेला की खोली धुवायची, आपण हवा तपासायची, आणि आपल्या प्लेटवर काही उगवलं नाही तरच पुढच्याला आत घ्यायचं. नवा पेशंट बाहेर बॅग भरून बसलेला असतो आणि सगळे माझ्या प्लेटकडे डोळे लावून असतात. मावशी, मला इतकं महत्त्व आजवर कुणी दिलं नव्हतं.

हवा ओढून घेणारं एक यंत्र आहे इथे. ते खोलीत ठेवून, वेळ लावून, दार ओढून निघून जायचं असतं. पण ते दुरुस्तीला गेलंय, त्यामुळे सध्या तुझ्या जमान्यातली उघडी प्लेटच चालू आहे. लॅबचे साहेब वैतागलेत, मी मात्र खूश आहे. तू सांगितलंस तशी प्लेटजवळ उभी राहते. उभी राहून राहून पाय दुखले की स्टूल ओढून घेते, पण खोली सोडत नाही.

पंखेमामांनी तुला नमस्कार सांगितलाय. अजून सगळे त्यांना पंखेमामाच म्हणतात, जरी आता त्यांच्याकडे अख्ख्या इमारतीची हवा आहे, नळ्या, फिल्टर, सगळं. मे अखेर निवृत्त होणार आहेत. मी तुझी भाची म्हटल्यावर कपाळाला हात लावून म्हणाले, “त्यांच्या बशांनी मला जन्मभर छळलं, आता तू आलीस का?” प्लेटला अजून बशीच म्हणतात.

एक छोटीशी गोष्ट. परवाच्या प्लेटवर निळसर हिरवे ठिपके आले. फार नाहीत. साहेबांनी भिवया चढवल्या आणि खोली पुन्हा धुवायला सांगितली. तुझ्या वेळी असं झालं की तू काय करायचीस?

तुझी भिंगरी

२ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

बाही मुद्दाम कोण लांब विणेल? एक बाही मी बाळंतपणाच्या आधी विणली, दुसरी नंतर, आणि मधे माझा हात सैल झाला. काकांनी जन्मभर ती दुमडून घातली आणि कुणी विचारलं तर सांगायचे, ही बाही माझ्या मुलाच्या वयाची आहे. एक्स-रेची ती खोली म्हणजे थंडगार विहीर. तिथून ते दुपारी पायऱ्यांवर येऊन उन्हाला बसायचे, आणि मी वरून खिडकीतून बघितलं की त्यांच्या डोक्यावरचे विरळ होत चाललेले केस आणि तो राखाडी स्वेटर दिसायचा. इथे मुलाच्या घरी सगळं झकास आहे, माझ्या मागेपुढे माणसं आहेत. पण खिडकीतून खाली बघितलं तर ओळखीचं डोकं दिसत नाही.

असो. ठिपक्यांचं विचारलंस. तो निळसर हिरवा रंग मला इथे बसल्या जागी दिसतो. मखमल असावी तसा, आणि कडेला पांढरी किनार. त्याच्या घातकपणाचा विसर पडावा इतका देखणा. माझं मत विचारशील तर फिल्टर आणि नळ्या बघ. पंखेमामा माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, पण त्याच्या कामावर माझा काडीचा भरवसा नव्हता. मी ऑपरेशनच्या खोलीत प्लेट उघडून बसायची आणि हा बाबा नेमका तेव्हा येऊन पंखा ‘टेस्ट’ करायचा! सगळी धूळ माझ्या प्लेटवर. मग माझा पारा चढायचा, तो म्हणायचा, “बाई, हवा म्हटली की हलणारच,” आणि तुझे काका आमची भांडणं सोडवायला वर यायचे. सोडवायचे कसले, चहा मागवायचे.

तू नवीन आहेस, मोठ्या माणसाविरुद्ध कसं बोलू म्हणून भीड धरशील. धरू नकोस. प्लेटवर जे आलं ते आलं. नळ्यांची तपासणी करा असं स्पष्ट लिहून दे. तो चार दिवस फुगून बसेल आणि मग विसरेल. त्याला मी चांगली ओळखते.

तुझी मावशी

२० मार्च

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार.

मावशी, सगळा विचका झालाय. तू म्हणालीस तसं मी लिहून दिलं. फिल्टर बदलले, नळ्या उघडून आतून पुसल्या, खोल्या दोन-दोनदा धुतल्या, आणि तरीही प्लेटा हिरव्या. सगळ्याच खोल्यांत. पहिली खोली सगळ्यात वाईट, आणि तिथून पुढे कमी कमी होत शेवटची त्यातल्या त्यात बरी. साहेबांनी नकाशा समोर घेतला. पहिल्या खोलीवरच मुख्य नळी आत येते. म्हणजे दोष तिथेच, असं ठरलं. वॉर्ड बंद केलाय. आत यायचे होते त्या पेशंटना थांबवून ठेवलंय, आणि त्यांच्या घरचे जिन्यात आम्हाला गाठून विचारतात.

आणि पंखेमामांना घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. कागदावर लिहिलंय, ‘कामातील हलगर्जीपणा’, आणि त्याला पुरावा म्हणून माझा रिपोर्ट जोडलाय. चौकशी मे महिन्यात, म्हणजे त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावर. सगळी नोकरी झाल्यावर माणसाने असं नाव घेऊन घरी जायचं?

जाताना ते लॅबच्या दारात आले होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “तुझ्या मावशीच्या बशांनी मला कधी खोटं पाडलं नाही बरं का. भांडायची, पण तिची बशी खरं बोलायची. तुझीही बोलत असणार. माझंच काही तरी राहून गेलं असेल. पण काय राहिलं तेच मला सापडत नाही गं.” आणि गेले. मी संडासात जाऊन रडले.

तुझ्यावर राग नाही, खरंच. रिपोर्ट माझा, सही माझी. पण मनाला फार लागलंय. घरी येते आणि काहीही न करता तुझ्या खोलीत बसून राहते. तसा एक आधार आहे, सांगितलं तर हसशील. रोज घरी आले की, त्यांचं सगळं जसंच्या तसं राहावं म्हणून, स्वेटर परत कपाटात ठेवते. कपाट उघडलं की तो वास येतो ना, ओल्या मातीचा, जुन्या पुस्तकांचा, तेव्हा वाटतं काका इथेच कुठे तरी आहेत. मी लहान असताना ते मला खांद्यावर बसवायचे तेवढं अंधुक आठवतं, वास आठवत नव्हता. आता पाठ झालाय. परवा तर स्वेटरमध्ये तोंड खुपसून झोपून गेले. तू तो धुतला नाहीस ते किती बरं केलंस.

पुढे काय करू ते सांग. माझं डोकं चालत नाही.

तुझी भिंगरी

२८ मार्च

भिंगरी,

हे पत्र मुलगा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतोय. टपालाची वाट बघत बसायला वेळ नाही. नीट वाच, आणि वाचताना तो स्वेटर अंगात असेल तर आधी काढ.

काकांना ओल्या मातीचा वास कधीच नव्हता. त्यांना हायपोचा वास होता. एक्स-रेच्या फिल्मा ज्या पाण्यात धुतात त्याचा. आंबट, नाकात शिरणारा. लग्न झाल्यावर पहिलं वर्ष मी नाक मुरडत काढलं, मग त्याची इतकी सवय झाली की ते सुट्टीवर असले की चुकल्यासारखं व्हायचं. जुन्या पुस्तकांचा आणि ओल्या मातीचा वास कशाचा असतो ते मी तुला सांगायला हवं का? तू बुरशी बघण्याचा पगार घेतेस, मी बुरशी बघण्यात जन्म घालवला, आणि दोघींनी मिळून तो वास काकांच्या नावावर टाकला.

त्या कपाटामागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे जिन्याचा कोपरा. वरच्या बिऱ्हाडाची न्हाणी बरोबर त्यावर येते. मागची फळी हाताने दाबून बघ. स्वेटर उघड्या प्लेटवर झटक आणि ती उबेला ठेव. मग अंघोळ करून, वॉर्डातले धुतलेले कपडे घालून, स्वेटरशिवाय पुन्हा सगळ्या खोल्या कर. यंत्र दुरुस्त होऊन आलं असेल तर ते लाव आणि दार ओढून बाहेर जा.

पहिली खोली वाईट नव्हती गं. तू तिथे पहिल्यांदा जात होतीस. कपाटातून घेतलेलं सगळं तिथे झडायचं, आणि शेवटच्या खोलीत पोचेपर्यंत थोडं उरायचं. बाकीचे चार मिनिटांत निघून गेले असते. तू मात्र माझं ऐकून डोळ्यांत तेल घालून प्लेटजवळ बसून राहिलीस, अंगात मी दिलेला स्वेटर घालून. प्लेटने खरं तेच सांगितलं. पंखेमामाचं काहीही राहून गेलेलं नाही, आणि जुनी भांडणं उकरून त्याच्या नळ्यांकडे तुला मी वळवलं.

जे उगवेल ते साहेबांना सांग. नव्या नोकरीत स्वतःच्या तोंडाने हे सांगायचं म्हणजे जड जाणार. तरी सांगच. पंखेमामाला चौकशीला उभं राहायला लागता कामा नये.

मावशी

९ एप्रिल

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार.

फळी दाबली. बोट आत गेलं. मागे भिंत काळपट ओली, आणि कोटांच्या पाठी सगळ्या हिरव्या. समोरून अगदी व्यवस्थित दिसतात, घडी घातल्यासारखे. मी दार लावलं आणि बराच वेळ जमिनीवर बसून राहिले.

स्वेटर झटकलेल्या प्लेटवर तिसऱ्या दिवशी तीळ ठेवायला जागा नव्हती. मग तू सांगितलंस तसं सगळं केलं, स्वेटरशिवाय. यंत्रही आलं होतं, ते लावून बाहेर थांबले. दुसऱ्या एका मुलीलाही वेगळ्या प्लेटा ठेवायला लावल्या, म्हणजे कुणी म्हणायला नको. सगळ्या स्वच्छ. पहिली खोलीही. नितळ प्लेट बघून रडू यायची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ.

खरं सांगते, साहेबांच्या केबिनबाहेरून मी एकदा परत फिरले. कायम व्हायला माझे अजून काही महिने आहेत. मनात आलं, नुसत्या चांगल्या प्लेटा दाखवाव्यात, फिल्टरचा परिणाम उशिरा झाला म्हणावं, वॉर्डही उघडेल आणि कुणाला काही कळणार नाही. मग लक्षात आलं की त्या हिशेबात पंखेमामांचा हलगर्जीपणा कागदावर तसाच राहतो, उलट पक्का होतो. वळले आणि आत गेले.

साहेबांनी माझी अशी खरडपट्टी काढली की बाहेरच्या क्लार्कने टाइप करणं थांबवलं. घरचे लोकरी कपडे त्या वॉर्डात नेतातच कसे, हे शिकलात काय? मी मान खाली घालून उभी. मग आवाज उतरवून म्हणाले, “तुमच्या गाऊनच्या आत काय आहे हे मीसुद्धा विचारलं नाही. आम्ही छत बघत होतो.” माझं कायम होणं लांबलंय, लेखी समजही मिळालीय. मामांवरचा कागद त्याच दिवशी मागे घेतला. मागे घेतल्याच्या पत्राची एक प्रत मी मागून घेतली आणि स्वतः त्यांच्या घरी घेऊन गेले.

ते पलंगावर बसून कुणाचा तरी टेबलफॅन उघडत होते. कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. मी सगळं सांगितलं, स्वेटरसकट. मला वाटलं आता तरी बोलतील चार शब्द. मावशी, त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? “बाईंना, तुझ्या मावशीला, सांगितलंस का? तो स्वेटर त्यांचा जीव आहे.” म्हटलं, मावशीनेच ओळखलं. तर म्हणाले, “मग ती बशी खरी निघाली म्हणायची,” आणि हसले. मग टेबलफॅनची पाती पुसत म्हणाले, “मी पण दोन रात्री आढ्याकडे बघत होतो हं. आपल्या हातून कुणाला काही झालं असतं तर, म्हणून.” तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. कुणालाही काही झालं नाही, खोल्या रिकाम्या होत्या, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ते सोमवारपासून कामावर आहेत. वॉर्ड उघडला, पहिल्या खोलीत एक शाळेतल्या बाई आल्यात.

आता कपाट. मी ते बंद करून फटींना चिकटपट्टी लावलीय. वरच्या बिऱ्हाडाचा नळ दुरुस्त होतोय. पण आतलं काय करू? कोट, मफलर, कॅमेऱ्याची चामड्याची पेटी, पुस्तकं, त्यांचे बूट. स्वेटर पिशवीत बांधून ठेवलाय. काही धुऊन वाचेल, बहुतेक नाही. मी माझ्या मनाने हात लावणार नाही. मामा म्हणाले, उघडायचं ठरलं की मला बोलव, एकटी उघडू नकोस. तू म्हणशील तसं करू. काही ठेवायचं असेल तर तेवढं मी जिवापाड सांभाळीन.

तुझी भिंगरी

२१ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी गच्चीत जाऊन बसले. साहेबांच्या दारातून परत फिरलीस आणि पुन्हा गेलीस ते वाचून ऊर भरून आला. समज मिळाली तर मिळू दे. पंखेमामाला माझा नमस्कार सांग, आणि सांग की यापुढे त्याने माझ्या प्लेटवर खुशाल पंखा लावावा.

कपाटाचं उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला इथलंच एक काम आधी करायचं होतं.

तिथून निघताना त्या कपाटातलं मी काहीच घेतलं नाही असं सगळ्यांना सांगितलं होतं. एक मफलर घेतला होता. तपकिरी, बारीक चौकडीचा. इथे आल्यापासून तो माझ्या उशीखाली असतो. झोपायच्या आधी नाकाला लावायचा, आणि ‘आलात का’ म्हणायचं. मनातल्या मनात, सूनबाईला ऐकू जाऊ नये म्हणून. तुझं मागचं पत्र आलं त्या दिवशी तो बाहेर काढला आणि लॅबमध्ये हुंगायची तसा हुंगला. ओली माती. इतकी वर्षं मी बुरशीशी बोलत होते गं! आधी हसू फुटलं, एवढं की नातू धावत आला. मग हसू कुठे संपलं ते कळलं नाही.

मग मी हट्टाने त्यांचा खरा वास आठवायला बसले. हायपोचा. तो आंबट होता, नाकात जायचा, हे सगळं मी तुला लिहू शकते, पण नाकात तो येईना. मुलाला विचारलं, तुला बाबांचा वास आठवतो का? तो म्हणाला, वास नाही, पण त्यांच्या हाताला नेहमी ओलसर गारवा असायचा. ते खरं आहे. मी विसरले होते.

तेव्हा आता सगळं टाक. कोट, बूट, पुस्तकं, पेटी, सगळं. जाड पिशव्यांत भरा आणि पिशव्यांची तोंडं आत कपाटातच बांधा, जिन्यातून उघड्या नेऊ नका. दोघंही मास्क लावा, घरातला पंखा बंद ठेवा, हे पंखेमामाला तूच सांग, मी सांगितलं तर भांडण होईल. फळ्याही काढून टाक. भिंत खरवडून, वाळवून, मगच रंग दे. मग ते कपाट तुझं. स्वेटर धुऊन तुला घालायला ठेवू का असं विचारायचं तुझ्या मनात असेल. नको. लोकरीत शिरलेलं निघत नाही, ते तुलाही माहीत आहे. मला वाईट वाटू नये म्हणून तू ते लिहिलं नाहीस.

मफलरही ठेवता येणार नव्हता. नातवाची छाती नाजूक आहे. पण नुसता कचऱ्यात टाकवेना, म्हणून काल आधी पातेल्यात पाणी उकळलं आणि त्यात तो बुडवला. वाफ नाकात जाऊ नये म्हणून श्वास धरून उभी राहिले, आणि तेव्हा, वासाच्या नादात जो मी विसरलेच होते, तो त्यांचा आवाज आला. ते दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत एकामागून एक माणसाला यंत्रासमोर उभं करून सांगायचे, “श्वास घ्या. धरून ठेवा.” फार शांतपणे सांगायचे. घाबरलेली म्हातारी माणसंसुद्धा त्यांच्यासमोर मुकाट उभी राहायची. आणि मग काही क्षणांनी, “सोडा.” कधी कधी तर झोपेतही म्हणायचे.

मी पातेल्यासमोर श्वास धरून उभी होते. ते म्हणतील म्हणून वाट बघितली. किती वेळ बघितली कुणास ठाऊक, कानांत दडे बसले. मग स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून मीच म्हटलं, “सोडा.”

तुझी मावशी